यजमान आहेत का घरात?

४ फेब्रुवारी

वन्संनी ही डायरी माझ्यापुढे आपटली आणि म्हणाल्या, "घरभर स्वतःशी पुटपुटत फिरतेस, त्यापेक्षा हिच्यात पुटपुट. माझ्या कानांना तेवढीच विश्रांती."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. गेल्या वर्षी तो गेला, तेव्हापासून माझ्याकडे राहतात. एकट्या कुठे राहणार बिचाऱ्या? मी म्हटलं, मी आहे ना सांभाळायला.

तर पुटपुटते. दोन महिने झाले, माझा विषाणू वाढत नाहीये. साधाच विषाणू, माणसाचं पोट बिघडवणारा, चार दिवसांत आपोआप जाणारा. माझी अख्खी नोकरी त्याच्या जिवावर झाली. काचेच्या फ्लास्कमध्ये पेशींचा थर असतो, त्यावर याला सोडलं की दोन दिवसांत थराला भोकं पडायची. आता बघावं तर थर जसाच्या तसा. पेशी मजेत. पेशी मेल्या नाहीत म्हणून रडणारी बाई जगात मी एकटीच असेन.

त्यात बाथरूमचा नळ गळतोय. आज नळवाला आला आणि दारातच विचारतो, "यजमान आहेत का घरात?" मी दार लावून घेतलं. वन्सं धावत जाऊन उघडेपर्यंत तो गेला होता. नळ गळतोच आहे.

५ फेब्रुवारी

वन्सं रोज सकाळी चहाचे तीन कप करतात. जन्मभर शाळेत शिकवलं आणि दोन माणसं मोजता येऊ नयेत? वाया जाऊ नये म्हणून तिसरा मीच पिते. पित्त होतं.

९ फेब्रुवारी

काल वन्संनी विचारलं, "तुझा तो विषाणू, वाढत नाही तर त्याला खायला घाल ना काहीतरी."

अहो, तीच तर गंमत आहे, म्हटलं. तो खात नाही. त्याला तोंड नाही, पोट नाही, हात-पाय नाहीत. त्याच्याकडे आहे काय, तर स्वतःच्या प्रती कशा काढायच्या ते सांगणारी एक एवढीशी चिठ्ठी. बाकी सगळं दुसऱ्याचं. पेशीच्या घरात हात हलवत शिरायचं आणि तिथलीच भांडी, तिथलीच शेगडी, तिथलीच माणसं कामाला लावायची. पेशीची प्रथिनं स्वतःच्या संसारासाठी राबत असतात, त्यांना हा आपल्या कामाला जुंपतो. म्हणून त्या पेशीला आम्ही यजमान पेशी म्हणतो.

"म्हणजे ऐतखाऊ," वन्सं म्हणाल्या.

"ऐतखाऊच. पण त्याला वाटत असणार की हा कारखाना आपणच चालवतो."

वन्सं माझ्याकडे बघून का हसल्या कोण जाणे. मग म्हणाल्या, "चष्मा डोक्यावर आहे तुझ्या. आणि डबा पिशवीत ठेवलाय. आज तरी विसरू नकोस."

'यजमान' वरून आठवलं. माझा नवरा आमच्या संस्थेत पेशींची खोली सांभाळायचा. सगळ्यांना लागणाऱ्या पेशी तो वाढवणार, तो गोठवणार, तोच वाटणार. त्यामुळे सगळे त्याला यजमान म्हणायचे. पुढे माझं त्याच्याशी लग्न झालं आणि अख्ख्या संस्थेला ऊत आला. मी कॉरिडॉरमधून जायला लागले की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय मॅडम, यजमान कुठे आहेत?" मी म्हणायचे, "इन्क्युबेटरमध्ये," म्हणजे पेशी उबेला ठेवायच्या कपाटात. पंचवीस वर्षं तोच विनोद, आणि दर वेळी तो माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचा. आता कोणी विचारत नाही. माझ्यासमोर तो शब्द आला की लोक घाईघाईने 'होस्ट सेल' म्हणतात.

१३ फेब्रुवारी

संचालकांनी बोलावलं. गोड बोलतो मेला. "मॅडम, मार्चअखेर तुमची ती पेशींची खोली लागेल. मोठं यंत्र येतंय. आणि तुमच्या कामात गेल्या वर्षात काही हललेलं दिसत नाही."

"आणि टाकी?" मी विचारलं. द्रव नायट्रोजनची टाकी, जिच्यात गोठवलेल्या पेशी असतात.

"रिकामी करावी लागेल. विषाणू वाढायला लागला तर बोलू आपण."

त्या टाकीत माझ्या नवऱ्याच्या हातच्या दोन नळ्या आहेत. माझ्या विषाणूला लागतात त्याच पेशी, त्याने शेवटच्या आजारपणाआधी गोठवलेल्या. बाकीच्या संपल्या. त्या गेल्या तर त्याने आयुष्यभर वाढवलेलं काहीच उरणार नाही. मी "बरं" म्हणून बाहेर आले आणि जिन्यात बसले. नाश्ता केला नव्हता म्हणून असेल.

१७ फेब्रुवारी

पेशींचं खाद्य बदललं. काही नाही. विषाणूचा नवा साठा काढला. काही नाही. इन्क्युबेटरचं तापमान तपासून घेतलं, मेकॅनिकने मलाच वेड्यात काढलं.

ब्लीच आला होता. ब्लीच शेजारच्या खोलीत प्रथिनं मोजण्याचं काम करतो. आमच्याच वयाचा, माझ्या नवऱ्याचा जिवलग. दाराची मूठसुद्धा ब्लीचने पुसल्याशिवाय धरत नाही, म्हणून हे नाव. खुर्ची पुसून बसला आणि म्हणाला, "मॅडम, सगळं तपासलंत. पेशी तपासल्यात का? वर्षभर तुमच्या हाताखाली वाढताहेत त्या. बदलल्या असतील. यजमा... त्याच्या जुन्या नळ्या आहेत ना, त्यातली एक उघडा आणि शेजारी-शेजारी ठेवून बघा."

मी त्याला समजावलं की हे शास्त्रीयदृष्ट्या घाईचं होईल. आधी पाणी तपासायला हवं, प्लास्टिकची नवी खेप तपासायला हवी. राखीव साठ्याला असा ऊठसूट हात लावायचा नसतो.

"दोन महिने ऊठसूट?" तो म्हणाला.

पाणी तपासायला दिलंय.

२२ फेब्रुवारी

पाणी उत्तम आहे. प्लास्टिक तपासायला घेतलं.

२६ फेब्रुवारी

वन्सं दहा दिवस मैत्रिणीकडे राहायला गेल्या. जाऊ देत, त्यांना तेवढाच बदल. मलाही शांतता.

१ मार्च

या घरातल्या वस्तूंची एकदम मुदत संपलेली दिसते. सगळं एकाच आठवड्यात बिघडावं म्हणजे काय? गॅस संपला. कपडे धुतलेले नाहीत. गुरुवारी म्हणे कचऱ्याची गाडी येते, मला कोण सांगणार? किल्ली सापडेना म्हणून शेजारणीच्या गच्चीतून घरात आले, या वयात. डबा दोनदा विसरले. खरं म्हणजे डबा नव्हताच, पण विसरल्यासारखंच झालं. बाथरूमच्या नळाखालची बादली भरून वाहिली आणि चटई भिजली. घर जुनं झालंय, दुसरं काय.

सकाळी चहा केला तर तीन कप झाला. भांडंच मोठं आहे ते.

३ मार्च

फार करमत नाहीये. टोस्ट खात बसले होते, तर पहिला दिवस आठवला.

मी नवी होते. पेशी मागायला त्याच्या खोलीत गेले. तो हूडसमोर, म्हणजे पेशी हाताळायच्या निर्जंतुक काचेच्या कपाटासमोर बसलेला, पांढरा अंगरखा, हनुवटी तळहातावर टेकवलेली. समोर फ्लास्क, आणि हा नुसता बघतोय. मी म्हटलं, "मला जरा घाई आहे." तो म्हणाला, "पाचेक मिनिटं बसा."

पेशी फ्लास्कच्या तळाला घट्ट चिकटून वाढतात. दाटी झाली की त्यांना तिथून सोडवून नव्या फ्लास्कमध्ये न्यावं लागतं. आम्ही त्याला 'उतरवणं' म्हणतो. औषध घालायचं आणि थांबायचं, मग त्या एकेक करून तळ सोडतात. बहुतेक पेशी पटकन सोडतात. काही चिवट असतात, बसून राहतात. बाकी सगळे लोक सुटल्या तेवढ्या घेतात, उरलेल्या फेकतात आणि पुढच्या कामाला लागतात. हा शेवटची सुटेपर्यंत थांबायचा.

"त्या दोन-चारांसाठी कशाला खोळंबायचं?" मी विचारलं होतं.

"त्यांना सोडवत नाही लवकर," तो म्हणाला. "असतात अशी काही. म्हणून काय टाकून द्यायचं?"

आणि मग त्या पाच मिनिटांत त्याने मला काय काय विचारलं! कुठे राहता, डब्यात काय आणता, हसताना तोंडावर हात का धरता. पाचाची पंधरा झाली. दुसऱ्या दिवशी मी पेशी लागत नसताना पेशी मागायला गेले. लग्नानंतर मात्र त्याच पाच मिनिटांवरून मी त्याला किती बोलले असेन! गोगलगाय म्हणायचे. तो गेल्यावर पेशी मी उतरवायला लागले आणि काम किती भराभर व्हायला लागलं. तेव्हा अभिमान वाटला होता थोडा.

आज इथे कोणी "पाच मिनिटं बस" म्हणालं असतं तर दिवसभर बसले असते. इतकी आठवण येतेय की टोस्ट तसाच बशीत ठेवून दिला.

६ मार्च

अगं बाई गं. अगं बाई.

आज हूडसमोर बसले होते, पेशी उतरवत. औषध घातलं, फ्लास्कवर टिचकी मारली, पहिली सुटली ती खेप घेतली आणि उरलेला फ्लास्क फेकायला हात उचलला. हात तसाच राहिला. फ्लास्क मायक्रोस्कोपखाली धरला. तळाला त्या चिवट पेशी दिसेनात. म्हणजे जवळपास नाहीतच! पूर्वी असायच्या.

मी वर्षभर दर आठवड्याला हेच करतेय. पटकन सोडणाऱ्या तेवढ्या ठेवतेय, धरून बसणाऱ्या फेकतेय. वर्षभरात मी निवडून निवडून सगळ्या सोडून देणाऱ्याच पेशी उरवल्या. आणि धरून ठेवायला पेशीला प्रथिन लागतं, हवेवर नाही धरता येत! त्या चिवट पेशींबरोबर एखादं प्रथिन माझ्या हाताने घराबाहेर गेलं असेल, आणि नेमकं तेच माझ्या विषाणूला लागत असेल तर?

धावत ब्लीचकडे गेले. हात न पुसता त्याचा दंड धरला, तरी तो मागे सरला नाही. सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "आता नळी उघडायलाच हवी, मॅडम. त्याच्या पेशींत चिवट असतील. दुसरीकडे कुठे नाहीत."

प्लास्टिकचा अहवाल यायचा आहे अजून, मी म्हटलं.

८ मार्च

वन्सं परतल्या. दारातून घर बघितलं, "अरे देवा" म्हणाल्या आणि पदर खोचला. तासाभरात घर सुरळीत. आश्चर्य आहे, मी दहा दिवस झटत होते.

रात्रीच्या जेवणाला त्यांना नळ्यांचं सांगितलं. म्हटलं, दोनच आहेत. जुन्या आहेत. उघडल्यावर जगल्या नाहीत तर? टाकीत निदान आहेत तरी.

वन्संनी घास खाली ठेवला. "माझ्या भावाने कधी काही नुसतं ठेवायला म्हणून ठेवलं होतं का गं? नवीन चादरसुद्धा आणल्या दिवशी अंथरायचा. त्याने त्या तुला वापरायला ठेवल्यात."

"आणि मेल्या तर?"

"तर दोघी मिळून रडू. एकेकटीने रडून कंटाळा आलाय मला."

मला वाटत होतं वन्सं रडत नाहीत. रोज रात्री त्यांच्या खोलीतला रेडिओ मोठा असतो, मी समजत होते कान गेलेत.

१२ मार्च

पहिली नळी गेली.

कोमट पाण्यात वितळवली, फ्लास्कमध्ये घातली, सगळं नीट. आता त्या तळाला बसायला हव्यात, म्हणून इन्क्युबेटर उघडून बघितलं. परत बघितलं. हलवून बघितलं. जेवणाआधी, जेवणानंतर, घरी निघताना. आज सकाळी सगळ्या वर तरंगत होत्या. मेलेल्या.

तो किती वेळा ओरडायचा, "अगं, बसू दे त्यांना! पाहुण्याला दारात उभं करून चौकशा करतेस तू." हे आठवलं, पण नळी गेल्यावर.

वन्सं आणि मी दोघी मिळून रडलो. नंतर त्यांनी चहा केला. तीन कप. तिसरा मी प्यायले नाही, तसाच टेबलावर राहू दिला.

१६ मार्च

दुसरी नळी आज उघडली. शेवटची. नळी टाकीतून काढताना ब्लीचने माझं मनगट धरलं, हातमोज्यावरून का होईना.

फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये ठेवला, दार लावलं आणि खोलीची किल्ली ब्लीचच्या हातात दिली. "दोन दिवस मला देऊ नकोस. रडले, ओरडले, तरी नाही."

"तुमच्या ओरडण्याची सवय आहे मॅडम, रडलात तर पंचाईत."

घरी आले. वन्संना म्हटलं, मला कामाला लावा काहीतरी. त्यांनी कपाट आवरायला दिलं, मग जुने फोटो निघाले आणि आवरणं तिथेच राहिलं. एका फोटोत तो असेल सहा-सात वर्षांचा, ओंजळीत काहीतरी धरून कॅमेऱ्याकडे रागाने बघतोय. वन्सं म्हणाल्या, "चिमणीचं पिल्लू होतं ते. आम्ही सगळे बघू बघू करत होतो, आणि हा ओंजळ उघडेना. म्हणत होता, त्याला आधी झोपू दे."

दुपारभर दोघी त्याच्याबद्दलच बोललो. वर्षभरात पहिल्यांदा. किती बरं वाटलं.

१८ मार्च

बसल्या! बसल्या गं बाई त्या! तळाला घट्ट, हातपाय पसरून. फार नाहीत, पण आहेत. ब्लीचने मायक्रोस्कोपमध्ये बघितलं आणि चष्मा काढून बाहीला डोळे पुसले. बाही घाणेरडी झाली याचं त्याला भानही नव्हतं.

२९ मार्च

थर भरला. काल पेशी उतरवल्या. औषध घातलं आणि स्टुलावर बसले, हनुवटी हातावर टेकवून. पाच मिनिटं. दहा. बहुतेक सुटल्या, त्या चिवट बसून राहिल्या. मी कधी नव्हे ती थांबले. शेवटची सुटली तेव्हा मी काहीबाही बोलत होते त्याच्याशी, मोठ्याने.

त्यांतल्या अर्ध्या बाजूला ठेवल्या, अर्ध्यांवर विषाणू सोडला.

३१ मार्च

भोकं पडली. थरभर. त्याच्या पेशी माझ्या विषाणूने फस्त केल्या आणि मी टाळ्या वाजवतेय, डोळ्यांना धारा लागल्यात. शेजारच्या फ्लास्कमध्ये माझ्या घाईच्या पेशी, भोक म्हणून नाही.

ब्लीचने दोन्हीकडची प्रथिनं मोजली. एक प्रथिन त्याच्या पेशींत भरपूर, माझ्यांत जवळजवळ नाही. त्याचं घरचं काम पेशीला तळाशी धरून ठेवणं. आमचा अंदाज असा, की विषाणू आत शिरला की त्याचाच आधार घेऊन आपलं प्रती काढायचं बस्तान मांडतो. आता ते प्रथिन माझ्या पेशींत परत घालून बघायचं. घातल्यावर विषाणू वाढला, तर पक्कं. इतकी वर्षं मी त्या विषाणूकडे बघत बसले, आणि तो जगत होता कोणाच्या जिवावर हे बघितलंच नव्हतं.

संचालक म्हणाला, खोली जाणारच, पण टाकी आणि हूड ब्लीचच्या खोलीत हलवा. ब्लीचने ऐकल्याबरोबर जमीन पुसायला घेतली. बाजूला ठेवलेल्या अर्ध्या पेशी वाढताहेत. थोड्या गोठवल्यासुद्धा. टाकीत आता त्याच्या दोन नव्हे, चांगल्या भरपूर नळ्या आहेत.

४ एप्रिल

आज सुट्टी. नळवाला पुन्हा आला, वन्संनी बोलावलं होतं. मला बघून दोन पावलं मागे उभा राहिला. तरी सवयीने तोंडातून गेलंच, "यजमान आहेत का घरात?" आणि लगेच जीभ चावली त्याने.

वन्सं स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"यजमान इन्क्युबेटरमध्ये आहेत," मी म्हटलं. "बरे आहेत. सोमवारी भेटेन मी त्यांना."

तो बिचारा वन्संकडे बघायला लागला. वन्सं दाराला धरून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की खालीच बसल्या, आणि मग मीही त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. हसू कुठे संपलं आणि रडू कुठे लागलं ते कळलं नाही.

"मी नंतर येऊ का?" नळवाल्याने विचारलं.

"नको नको," मी डोळे पुसत म्हटलं. "पाचेक मिनिटं बसा. चहा झालाय, एक कप जास्तीचा आहे."